हलका बार

दसऱ्याच्या आगेमागे कोळवणच्या खोऱ्यात भाताच्या लोंब्या भरू लागतात आणि रात्रीची राखण सुरू होते. डोंगरातून उतरलेला रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचराचे काय करून ठेवतो, ते मुळशीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावे. राखणीची साधने जुनीच आहेत. माळा, पत्र्याचा डबा, फटाके, कुत्री. आणि ज्याच्या नावावर पीक संरक्षणाचा परवाना असेल त्याच्याकडे ठासणीची बंदूक. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीक राखण्यासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे.

ठासणी भरायची रीत ठरलेली. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. जनावर नुसते पळवायचे असेल तर छर्रे घालायचेच नाहीत. नुसत्या दारूच्या बाराने खोरे दणाणते, नळीच्या तोंडाशी जाळ दिसतो, पण खांद्याला फारसे काही जाणवत नाही. तीच बंदूक, तेवढीच दारू, वर मूठभर छर्रे घातले की मात्र खांदा ठणकतो.

एवढे ज्याने अनुभवले त्याला या प्रकरणातले निम्मे भौतिकशास्त्र आधीच ठाऊक आहे. खांद्याला बसणारा दणका मुख्यतः दारू ज्याला पुढे ढकलते त्या वजनाचा असतो. पुढे काही जड गेले नाही तर मागेही काही जोरात येत नाही. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत पाठ केलेला असतो. बंदूकवाल्याला तो हाडाला कळतो.

आता खांद्यावरची बंदूक सोडून एका हातात धरायच्या पिस्तुलाकडे येऊ. कोळवणहून पौड, पिरंगुट, चांदणी चौक असे करत बालेवाडीला गेले की शिवछत्रपती क्रीडानगरीत नेमबाजीची रेंज लागते. २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथे झाल्या आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतने पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या प्रकारात वापरतात ते .२२ लाँग रायफल काडतूस. त्याच्या गोळीचे वजन ४० ग्रेन, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. ग्रेन हे माप परके वाटेल, पण आपल्या सराफाच्या मापांशी त्याचे जवळचे नाते आहे. इंग्रजी अमलात तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचा. म्हणजे या काडतुसाची गोळी पाव तोळ्याहूनही हलकी.

ही गोळी सेकंदाला सुमारे ३२० मीटर वेगाने निघते. वजन आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. तो जेवढा पुढे, तेवढाच मागे. पिस्तूल सव्वा किलोच्या आसपास असले तर ते सेकंदाला पाऊण मीटरच्या आतबाहेर वेगाने हातात मागे येते. (नळीतून गोळीमागोमाग बाहेर पडणारा वायूही थोडी भर घालतो. तो हिशेब इथे सोडून देऊ.) पोलीस आणि लष्कर वापरतात त्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात साडेसात ग्रॅमची गोळी साडेतीनशे मीटरहून अधिक वेगाने जाते; एक किलोच्या पिस्तुलाचा मागे येण्याचा वेग अडीच मीटरच्या पुढे जातो. वेग साडेतीन-चार पट, पण हाताला जी ऊर्जा जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दहा पटींहून जास्त. नवख्याच्या हातात पहिल्यांदाच मोठे पिस्तूल देऊ नये असे उस्ताद सांगतात, त्यामागे हा वर्ग आहे.

इथे एक गैरसमज हमखास होतो. धक्क्याने पिस्तूल उडते, म्हणून गोळी वर जाते, असे लोकांना वाटते. गोळी नळीत असते तेवढ्या वेळात पिस्तूल किती मागे सरकते ते काढून पाहा. त्याला वेग लागत नाही, नुसते वजनांचे प्रमाण पुरते. गोळी २.६ ग्रॅम, पिस्तूल १,२०० ग्रॅम, नळी बारा सेंटिमीटर. उत्तर येते पाव मिलिमीटर. गोळीचा नळीतला प्रवास सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात उरकतो. पिस्तुलाचे तोंड आकाशाकडे उडालेले आपल्याला दिसते तेव्हा गोळी केव्हाच घर सोडून गेलेली असते. त्या पाव मिलिमीटरमधला वरचा झोकही दर वेळी सारखाच असतो, म्हणून नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच तो धरूनच जुळवलेल्या असतात.

मग हलक्या धक्क्याचे एवढे कौतुक कशासाठी? त्याचा उपयोग होतो पुढच्या गोळीला.

पुरुषांच्या रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या मारायच्या असतात. आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. चार सेकंदांत हात उचलून पाच वेळा नेम धरायचा तर प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल किती उडाले आणि किती लवकर जागेवर आले यावर सगळा खेळ आहे. महिलांच्या पंचवीस मीटरमध्ये परिस्थिती वेगळी. तिथे वेगाच्या फेरीत लक्ष्य तीन सेकंद मिळते आणि मध्ये सात सेकंदांची उसंत असते, हात खाली आणून पुन्हा उचलायचा असतो. तिथे धक्का घड्याळाच्या आड येत नाही. तो येतो मनाच्या आड. साठ गोळ्यांच्या स्पर्धेत मेंदू दणक्याची वाट पाहायला शिकतो आणि चाप सुटायच्या आधीच मनगट दचकते. माझ्या मते पिस्तूलबाजीतला सगळ्यात महाग दोष हाच. पिस्तुलाची माशी ते खाच हे अंतर नियमाने जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. माशी खाचेत फक्त ०.२२ मिलिमीटर हलली की पंचवीस मीटरवर गोळी पंचवीस मिलिमीटर सरकते. अचूकतेच्या फेरीतल्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यासच पन्नास मिलिमीटर आहे. मनगटाचे एक दचकणे, आणि दहा गेला. म्हणून नेमबाज रोज घरी भिंतीसमोर उभे राहून रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढत बसतात. आवाज नाही, धक्का नाही, मेंदूला वाट पाहायला काही नाही.

.२२च्या काडतुसात एक मर्यादा जन्मतःच आहे. ते पुन्हा भरता येत नाही. ठिणगीचे रसायन त्याच्या बुडाच्या कडेत, आतून पसरलेले असते. पिस्तुलाची पिन कडेवर आपटते, कड चेपते आणि बार उडतो. एकदा चेपलेली कड म्हणजे भंगार पितळ. हे जुने तंत्र आहे. फ्रान्सच्या फ्लोबेरने १८४५च्या सुमारास टोपीतच गोळी बसवली, अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने १८५७ साली .२२ शॉर्ट आणले आणि १८८७ साली लाँग रायफल आले. आज जगात सर्वांत जास्त उडवल्या जाणाऱ्या काडतुसांत त्याची गणना होते.

मोठ्या काडतुसांत टोपी बुडाच्या मधोमध असते. ती उडाली तरी पितळी पुंगळी शाबूत राहते. जुनी टोपी काढा, नवी बसवा, दारू घाला, गोळी बसवा, काडतूस तयार. या टोप्यांचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांची गंमत सांगायलाच हवी. एक इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याचा, दुसरा अमेरिकन हायरम बर्डन याचा. अमेरिकेने इंग्रजाची टोपी उचलली आणि युरोपने बराच काळ अमेरिकनाची. बॉक्सरच्या टोपीखाली पुंगळीला मध्यभागी एकच भोक असते, त्यातून सुई घालून जुनी टोपी ढकलून काढता येते. बर्डनच्या पुंगळीला बाजूला दोन बारीक भोके असतात आणि टोपी काढणे जिकिरीचे होते. घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत रुजला आणि युरोपात त्या मानाने कमी, याचे एक कारण या भोकांत आहे.

नेमबाजीत मधल्या टोपीचा प्रकार म्हणजे पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल. ऑलिंपिकमध्ये तो नाही, पण भारताला त्याने पदके भरपूर दिली. १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताची तेरा सुवर्णपदके होती, त्यांतली बारा वेटलिफ्टिंगची. तेरावे सेंटर फायर पिस्तुलात महाराष्ट्राच्या अशोक पंडित यांनी मिळवले. पुढे १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने याच प्रकारात सुवर्ण घेतले, आणि २००६ साली दोहाला ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली.

या प्रकारात बहुतेक जण वापरतात ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ सालचे काडतूस. आपल्या कानपूरच्या शासकीय रिव्हॉल्व्हरचेही तेच. पण स्पर्धेचे काडतूस हातात घेतले तर पहिल्यांदा पाहणारा म्हणेल, यात गोळीच नाही. टोकदार नाक कुठेच दिसत नाही. शिशाचा सपाट दंडगोल पुंगळीच्या कडेपर्यंत आत बुडवलेला असतो; वरून पाहिले तर पितळेच्या कडीत करड्या शिशाची चकती, नख फिरवले तर कड जेमतेम लागते. या गोळीला वॉडकटर म्हणतात. वजन शंभर ग्रेनच्या आसपास, अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त, आणि वेग सेकंदाला सव्वादोनशे-अडीचशे मीटर. गोलसर नाकाची गोळी कागद फाडत जाते, भोकाच्या कडा आत वळतात, आणि गोळी रेषेला लागली की नाही यावर वाद होतात. ही सपाट गोळी मात्र एसटी कंडक्टरच्या पंचसारखे गोल, स्वच्छ भोक पाडते. रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून त्या स्वच्छ कडेला मोल होते. आता ध्वनीवरून गोळीची जागा ओळखणारी इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये आली, पंचांची भिंगे गेली. वॉडकटर राहिली, कारण ती मंद वेगातही अचूक जाते आणि हाताला सोसते.

हलका बार हाताने भरण्याची कला परदेशात याच काडतुसांवर वाढली. क्रम ठासणीसारखाच, फक्त टोपी शेवटी नाही, आधी बसते. उडालेली पुंगळी फुगलेली असते, ती पोलादी साच्यात दाबून मापात आणायची. टोपी बदलायची. पुंगळीचे तोंड किंचित उमलवायचे, म्हणजे शिसे खरवडले जाणार नाही. दारू तोलायची, गोळी बसवायची, उमललेले तोंड पुन्हा मिटवायचे. कारखान्याचे काडतूस सगळ्यांच्या पिस्तुलांत चालावे म्हणून थोडे जोरकस ठेवलेले असते. हाताने भरणारा आपल्या एका पिस्तुलाला पुरेल एवढीच दारू घालतो.

कमी दारू म्हणजे जास्त सुरक्षित, असे वाटणे साहजिक आहे. तसे ते नाही, आणि या छंदातले काही अपघात याच समजुतीच्या पोटी होतात. बिनधुराची दारू जागा फार कमी घेते. फ्रान्सच्या व्येयने ती १८८४ साली काढली. त्याआधीची काळी दारू पुंगळी भरून टाकायची, चुकून दुप्पट पडली तर उतू जायची. हलक्या बाराची बिनधुराची दारू पुंगळीच्या तळाशी चिमूटभर दिसते. तिच्यावर आणखी तेवढीच पडली तरी आत मावते, आणि वर सपाट गोळी बसली की बाहेरून काही कळत नाही. दुसऱ्या टोकाला दारू फारच कमी पडली किंवा पडलीच नाही, तर टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. आवाज ‘फुस्स’ येतो. नेमबाजाने तिथेच थांबायचे असते. घाईत पुढचा चाप ओढला तर मागची गोळी पुढच्या अडकलेल्या गोळीवर आदळते आणि नळी फुगते, कधी फाटते. शिवाय रिकामी जागा जास्त असल्याने पिस्तूल वर धरून आणले की दारू मागे बसते, खाली धरून आणले की पुढे सरकते, आणि त्यानुसार वेग बदलतो. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात आणखी एक पेच. धक्क्याच्या जोरावरच त्याचा वरचा सरक मागे जाऊन रिकामी पुंगळी फेकतो. बार फार हलका झाला की सरक अर्ध्यातून परततो आणि पुंगळी खिडकीत उभी अडकते. मग स्प्रिंग बदला. स्प्रिंग बदलली की चुकून जोरकस काडतूस गेले तर पिस्तूल मार खाते.

काही खेळांनी तर हलकेपणाला तळच घालून दिला आहे. धावत-पळत नेम मारायच्या प्रॅक्टिकल नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. तिथे स्पर्धकाची काडतुसे मध्येच काढून घेतात, एक गोळी उपसून तोलतात, बाकीच्यांचा वेग मोजतात. ग्रेनमधले वजन गुणिले फुटांतला वेग भागिले हजार, हा आकडा किमान १२५ भरला नाही तर त्या खेळाडूचे गुण धरत नाहीत.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे, आणि ते कायद्याने ठरवलेले आहे. पिस्तूल बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. शस्त्र कायद्याचे पाचवे कलम निर्मितीसाठी स्वतंत्र परवाना मागते, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे अमेरिकेत गॅरेजमधल्या बाकावर बसवतात तो हाताने दाबायचा साचासुद्धा. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षांची, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गावठी कट्ट्यांचा प्रश्न असलेल्या देशात ही कडक भूमिका मला पटते. पण त्यामुळे घडलेली विसंगती मजेशीर आहे. दारूचे माप हाताने कमीजास्त करून बार हलका किंवा जड करण्याची मुभा कोळवणच्या राखणदाराला त्याच्या ठासणीत आहे; आंतरराष्ट्रीय पदकासाठी झटणाऱ्या बालेवाडीच्या पिस्तूलबाजाला ती साध्या परवान्यावर नाही. हे त्या पुण्यात, जिथे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसे बनवतो आहे आणि देशभरातल्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही खडकीची खूण उठलेली असते.

म्हणून आपल्या नेमबाजांनी हलका बार भरण्याऐवजी निवडायला शिकून घेतले. इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस ही नावे रेंजवर धान्याच्या वाणांसारखी उच्चारली जातात. पिस्तुलासाठी मुद्दाम मवाळ केलेली काडतुसे वेगळी मिळतात. एकाच नावाच्या डब्यांतही घाणा बदलला की वागणे थोडे बदलते, त्यामुळे जमलेल्या घाण्याचा क्रमांक जपून ठेवतात. बाकीचे काम मुठीचे. नळीची रेषा हाताच्या जितकी जवळ, तितके तोंड कमी उडते. म्हणून स्पर्धेच्या पिस्तुलांत नळी जवळजवळ अंगठ्याच्या पातळीला बसवलेली दिसते. लाकडी मूठ पुट्टी भरून, कानशीने घासून एकाच तळहाताची केलेली असते, दुसऱ्याला ती धरताही येत नाही. पिस्तुलाचे वजन नियमाने १,४०० ग्रॅमपर्यंत नेता येते, आणि ते पुढे की मागे वाटायचे यावर प्रशिक्षकांचे मतभेद संपत नाहीत.

अशा निवडलेल्या काडतुसांवर आणि घडवलेल्या मुठीवर राही सरनोबतने २०१३ साली चांगवानच्या विश्वचषकात सुवर्ण मिळवले. पिस्तुलात विश्वचषकाचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. २०१८च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत अंतिम फेरी पन्नास गोळ्यांची होती, आणि १०.२ किंवा त्याहून वरचा गुण आला तरच गोळी लागली असे धरत होते. राही आणि थायलंडची नफास्वान यांगपैबून ३४-३४ अशा बरोबरीत राहिल्या. जादा पाच गोळ्यांतही बरोबरी. त्यापुढच्या पाचांत राहीच्या तीन लागल्या, समोरचीच्या दोन.

रॅपिड फायरच्या पुरुषांची तर नियमांनीच परीक्षा घेतली. ते पूर्वी .२२ शॉर्ट वापरत. गोळी २९ ग्रेनची, वेगही कमी, धक्का लाँग रायफलच्या जवळपास निम्मा. वर नळीला भोके पाडून वायू आधीच सोडून द्यायचे. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर नियम बदलले. शॉर्ट बंद, लाँग रायफल सक्तीचे, चापावर किमान एक किलोचा दाब. जगभरच्या नेमबाजांची त्या सुमारास चांगलीच तारांबळ उडाली. मग पिस्तूल बनवणाऱ्यांनी नळीच्या आवरणात सरकणारे जड धातूचे दांडे बसवले. पिस्तूल मागे निघते तेव्हा हे दांडे क्षणभर जागेवर राहतात आणि धक्का एका टोल्याऐवजी दोन हलक्या हप्त्यांत हाताला पोचतो.

तशीच युक्ती दहा मीटरच्या एअर पिस्तुलातही असते. त्यात दारू नसते, शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला दीडशे मीटर. पिस्तूल हातात सेकंदाला आठ सेंटिमीटरहूनही कमी वेगाने मागे येते. तरीही चांगल्या पिस्तुलांत उलट दिशेने सरकणारे छोटे वजन बसवलेले असते, आणि खेळाडू त्यासाठी जादा पैसे मोजतात. दहाचे वर्तुळ तिथे साडेअकरा मिलिमीटरचे आहे.